एकाचे नव्वद, दुसऱ्याचे नव्वद

बारावीचे निकाल लागले की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. सीबीएसईच्या मुलाचे नव्वद टक्के आणि राज्य बोर्डाच्या मुलाचे नव्वद टक्के सारखेच धरायचे का? एका बोर्डाने सढळ हाताने गुण वाटले आणि दुसऱ्याने हात आखडता घेतला, तर नुकसान कुणाचं?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीवर होतो, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न दहावीनंतर, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी पेटतो. तमिळनाडूत तो बारावीनंतर पेटतो. तिथे इंजिनिअरिंगसाठी राज्याची प्रवेश परीक्षाच नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत जे गुण पडले तेच कॉलेजच्या दारात चालतात. बदलीच्या नोकरीमुळे चेन्नईत गेलेल्या आणि मुलांना केंद्रीय विद्यालयात घातलेल्या मराठी घरांनाही हे गणित समजून घ्यावं लागतं. या प्रश्नावर चेन्नईत सरकारी आदेश निघाले, ते न्यायालयात पडले, समिती नेमली गेली, शेवटी कायदा झाला. गुणांचा न्याय कसा होतो आणि कुठे अडतो, हे एकाच ठिकाणी पाहायचं तर चेन्नईइतकं चांगलं उदाहरण देशात दुसरं नाही.

१. दोनशेपैकी किती?

चेन्नईत बारावीच्या मुलाला ‘कट-ऑफ किती?’ असं विचारतात. आपल्याकडे कट-ऑफ हा कॉलेजचा असतो. तिथे तो आधी मुलाचा असतो. तो काढायची रीत सोपी आहे. गणिताचे गुण शंभरपैकी जसेच्या तसे घ्यायचे, भौतिकशास्त्राचे निम्मे करायचे, रसायनशास्त्राचे निम्मे करायचे आणि तिन्हींची बेरीज करायची. एकूण दोनशेपैकी.

समजा एका मुलीला गणितात ९६, भौतिकशास्त्रात ९२ आणि रसायनशास्त्रात ९४ गुण आहेत. तर ९६ अधिक ४६ अधिक ४७, म्हणजे १८९. या एका आकड्यावर तिचा राज्यातला क्रमांक लागतो. तमिळ, इंग्रजी आणि इतर विषयांत पास होणं पुरतं.

या हिशेबातच एक निवड दडलेली आहे. गणिताला शंभर आणि बाकी दोघांना पन्नास-पन्नास का? गणितात एक गुण गेला तर कट-ऑफ एकाने घसरतो, रसायनात एक गेला तर अर्ध्यानेच. हे वजन निसर्गाने ठरवलेलं नाही. इंजिनिअरला गणित जास्त लागतं असं कुणीतरी मानलं आणि तसा नियम केला. गुणांच्या प्रत्येक हिशेबात असं एखादं मानणं असतंच, आणि या प्रकरणात आपण तेच शोधत जाणार आहोत.

१९९७ पासून ही निवड ‘सिंगल विंडो’ पद्धतीने होते, म्हणजे सगळ्या कॉलेजांचा मिळून एकच अर्ज आणि एकच यादी. पुष्कळ वर्षं ते काम अण्णा विद्यापीठाकडे होतं. गिंडीच्या आवारात राज्यभरातून आईबाप मुलांना घेऊन यायचे, बोलावणं आलं की आत जाऊन पडद्यावर रिकाम्या जागा पाहायच्या आणि तिथल्या तिथे कॉलेज निवडायचं. २०१८ मध्ये हे ऑनलाइन झालं आणि पुढच्या वर्षी तंत्रशिक्षण संचालनालयाकडे गेलं. यादीच्या वरच्या टोकाच्या मुलांची धाव मात्र आजही गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजकडे आणि क्रोमपेटच्या एमआयटीकडेच असते.

२. प्रवेश परीक्षा गेली कशी?

तमिळनाडूत एके काळी सीईटी होती. १९८४ मध्ये, एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. बारावीचे दोनशे आणि प्रवेश परीक्षेचे शंभर, अशा तीनशे गुणांवर यादी लागायची.

दोन दशकांत तिच्याविरुद्ध एक तक्रार वाढत गेली. परीक्षेची तयारी करून घेणारे क्लास चेन्नई, कोइम्बतूर, मदुरै अशा शहरांत. खेड्यातल्या सरकारी शाळेतल्या मुलाला बारावीच्या पुस्तकापलीकडे काही मिळत नव्हतं आणि शहरातल्या मुलाला फी भरून जास्तीची तालीम मिळत होती. २००५ मध्ये सरकारने आदेश काढून परीक्षा बंद केली, मद्रास उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २००६ च्या सुरुवातीला जयललितांच्या सरकारने कायदा केला, तोही न्यायालयात टिकला नाही. या वादाच्या मुळाशी आपलाच प्रश्न होता. प्रवेश परीक्षा ही सगळ्या बोर्डांच्या मुलांना समान असलेली एकमेव गोष्ट. ती काढली तर वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका रांगेत लावायचे कसे?

त्याच वर्षी सरकार बदललं. करुणानिधींच्या सरकारने अण्णा विद्यापीठाचे माजी कुलगुरू एम. आनंदकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, समितीच्या अहवालावरून नवा कायदा केला आणि या वेळी त्यात बोर्डांचे गुण सारखे करण्याचं सूत्रही घातलं. मार्च २००७ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्या एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. कायदा कशामुळे टिकला हे लक्षात ठेवा, कारण आपण आता त्या सूत्राकडेच वळणार आहोत. पण त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

३. गुण हे कसलं माप आहे?

पूर्वी धान्य पायलीने मोजत, पण पायली सगळीकडे सारखी नव्हती. एका बाजाराच्या पायलीत चार शेर बसत, तर दुसऱ्या बाजाराची पायली त्याहून मोठी किंवा लहान असे. ‘माझं दहा पायली भात झालं’ असं दोन गावांतल्या दोघांनी सांगितलं, तर कुणाचं जास्त हे कळायला आधी दोन्ही पायल्यांचं माप कळायला हवं. बोर्डाचा गुण ही अशीच पायली आहे. पेपर किती अवघड, तपासनीस किती सढळ, प्रात्यक्षिकाचे गुण शाळा किती सहज देते, यावर त्या पायलीचा आकार ठरतो.

मग माप कळणार कसं? एका मुलाच्या गुणांवरून ते कळत नाही; सगळ्या मुलांचे गुण पसरून पाहावे लागतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली सरासरी, ती सर्वांना ठाऊक आहे. दुसरी म्हणजे मुलं त्या सरासरीपासून साधारण किती दूर-दूर पसरली आहेत ते. संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात. आपण त्याला ‘पसारा’ म्हणू.

समजा ‘अ’ बोर्डात भौतिकशास्त्राची सरासरी ६० आहे आणि पसारा १५. ‘ब’ बोर्डात सरासरी ७५ आणि पसारा १०. आता दोन्ही बोर्डांत एकेका मुलाला ९० गुण पडले. ‘अ’चा मुलगा सरासरीच्या ३० गुण पुढे आहे, म्हणजे त्याच्या बोर्डाच्या पसाऱ्याच्या दुप्पट. ‘ब’चा मुलगा १५ गुण पुढे आहे, म्हणजे पसाऱ्याच्या दीडपट. दोघांचे गुण नव्वदच, पण आपापल्या गर्दीत ‘अ’चा मुलगा बराच वर उभा आहे. ‘ब’ बोर्डात त्याच्या बरोबरीला यायला ९५ गुण लागतील, कारण ७५ मध्ये दहाची दुप्पट मिळवली की ९५ होतात.

या एका उदाहरणावरून ‘नव्वद आणि नव्वद सारखेच का?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. सारखे असतीलच असं नाही, आणि किती फरक आहे ते मोजता येतं. उरलेलं अर्धं उत्तर जास्त अवघड आहे. त्याकडे पुढे येऊ.

४. कायद्यातलं सूत्र

२००७ च्या कायद्याने सरासरीही घेतली नाही आणि पसाराही नाही. त्याने घेतला फक्त पहिला आलेला मुलगा.

नियम असा: प्रत्येक विषयात प्रत्येक बोर्डाचा सर्वांत जास्त गुण शोधायचा आणि तो राज्य बोर्डाच्या सर्वांत जास्त गुणाइतका धरायचा. बाकीच्यांचे गुण त्याच प्रमाणात वाढवायचे. कायद्यातच उदाहरण दिलं आहे. राज्य बोर्डात भौतिकशास्त्रात सर्वाधिक १०० आणि दुसऱ्या बोर्डात सर्वाधिक ९०, तर दोन्ही शंभरच समजायचे. मग त्या दुसऱ्या बोर्डातल्या ज्या मुलाला ६० आहेत, त्याचे गुण शंभर भागिले नव्वद गुणिले साठ, म्हणजे ६६.६६ होतात.

हे सूत्र कुणालाही पाटीवर सोडवता येतं आणि त्यासाठी बोर्डाकडून एकच आकडा मागावा लागतो. प्रशासनाच्या दृष्टीने याहून सोयीचं काही नाही. पण त्याचा परिणाम काय होतो ते पाहा.

आधीच्या उदाहरणातली ‘अ’ आणि ‘ब’ बोर्डं घ्या. समजा दोन्हीकडे कुणा ना कुणाला पैकीच्या पैकी पडले आहेत. मग दोन्हीकडचा सर्वाधिक गुण १००, शंभर भागिले शंभर म्हणजे एक, आणि एकाने गुणून काहीच बदलत नाही. एका बोर्डाची सरासरी ६० आणि दुसऱ्याची ७५ असली तरी सूत्राला त्याचा पत्ता लागत नाही. काठोकाठ भरलेली एक पायली इथली आणि एक तिथली, दोन्ही काठोकाठ म्हणून दोन्ही सारख्या, असं म्हणण्यासारखं हे आहे. लाखो मुलं बसतात अशा बोर्डात गणितात किंवा भौतिकशास्त्रात एका तरी मुलाला शंभर किंवा त्याच्या अगदी जवळचे गुण पडणं ही अलीकडे नेहमीची गोष्ट आहे. चेन्नईत पैकीच्या पैकी गुणांना ‘सेंटम’ म्हणतात आणि ‘किती सेंटम?’ हे प्रत्येक शाळा निकालाच्या दिवशी सांगते. सेंटमच्या या काळात गुण सारखे करण्याचं सूत्र कायद्यात आहे, पण त्याने सहसा कुणाचे गुण हलत नाहीत.

आणि जेव्हा हलतात, तेव्हा भलत्याच कारणाने हलतात. राज्य बोर्डाचा सर्वाधिक गुण १०० आहे आणि दुसऱ्या एका बोर्डात भौतिकशास्त्रात सर्वाधिक ९६. त्या बोर्डातल्या ७२ गुणांच्या मुलाचे ७५ होतात. आता त्या बोर्डातल्या एकाच मुलाने, कुठल्या तरी दूरच्या शहरात, ९६ ऐवजी १०० मिळवले. लगेच आपल्या मुलाचे ७५ पुन्हा ७२ होतात. त्याने किंवा त्याच्या वर्गातल्या कुणीही काही वेगळं केलेलं नसताना एका अनोळखी मुलाच्या चार गुणांनी सगळ्या बोर्डाचं माप बदललं. सगळ्या गर्दीचं माप एका माणसावरून ठरवू नये, हा संख्याशास्त्राचा पहिला धडा आहे, आणि माझ्या मते या कायद्याची सर्वांत कच्ची बाजू हीच आहे.

५. शंभरात किती मागे?

याहून चांगला उपाय महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला आता ठाऊक आहे: पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत. आपल्या गर्दीतल्या दर शंभर मुलांपैकी किती मुलं आपल्याइतकी किंवा आपल्याहून मागे आहेत, ते पर्सेंटाइल सांगतं.

२०१९ पासून एमएचटी-सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत होते. सोमवारच्या सकाळचा पेपर बुधवारच्या दुपारच्या पेपरहून अवघड असू शकतो. म्हणून प्रत्येक सत्राचं पर्सेंटाइल वेगळं काढतात. समजा एका सत्रात २० हजार मुलं बसली आणि ११० गुण किंवा त्याहून कमी मिळवणारी १८,४०० निघाली. १८,४०० भागिले २०,००० गुणिले १००, म्हणजे ९२. दुसऱ्या सत्राचा पेपर सोपा होता आणि तिथे ११८ गुणांवर ९२ येतात. तर पहिल्या सत्रातले ११० आणि दुसऱ्यातले ११८ बरोबरीचे धरायचे. यात पहिल्या आलेल्या मुलाच्या हातात कुणाचं नशीब नसतं. सगळी गर्दी मिळून माप ठरवते.

मग बोर्डांनाही पर्सेंटाइलच का लावू नये? इथे तो राहिलेला अर्धा प्रश्न येतो. सत्रांची वाटणी संगणक करतो, म्हणून सोमवारची गर्दी आणि बुधवारची गर्दी साधारण सारख्या तयारीची आहे असं मानायला हरकत नाही. बोर्डांची वाटणी संगणकाने केलेली नाही. तमिळनाडूत सीबीएसईच्या शाळा प्रामुख्याने शहरांत, फी भरू शकणाऱ्या घरांच्या. राज्य बोर्डात खेड्यापाड्यातल्या सरकारी शाळांसकट सगळे. दोन्हीकडच्या ९० पर्सेंटाइलला सारखं मानलं, तर दोन्ही गर्दींची तयारी सारखी आहे असं आपण न बोलता मान्य केलं. सीबीएसईचे पालक म्हणतील, आमची मुलं तयारीची आहेत, त्यांच्यात दहावं येणं तुमच्यातल्या पाचव्या येण्याइतकं आहे. राज्य बोर्डाचे पालक म्हणतील, ती तयारी पैशाने आली आहे, बुद्धी दोन्हीकडे सारखीच वाटलेली आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पेपर अवघड होता की मुलं कच्ची होती, हे नुसते गुण पाहून कधीच सांगता येत नाही. कुठलंही सूत्र लावा, त्यात गर्दीबद्दलचं एक मत आधीच घातलेलं असतं. ते मत सरकारने उघडपणे सांगावं आणि त्यावर चर्चा व्हावी, एवढी अपेक्षा आपण नक्की करू शकतो.

महाराष्ट्राने हे सगळं भोगलं आहे. अकरावीच्या प्रवेशात एसएससीच्या मुलांना आयसीएसई आणि सीबीएसईच्या मुलांच्या बरोबरीने आणायला २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं. २००९ मध्ये एसएससीला नव्वद टक्के जागा राखणारा ९०:१० चा निर्णय आला, तोही रद्द झाला. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ आलं, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे. उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं आणि ते टिकलं. देशपातळीवरही प्रयत्न झाला. २०१३ ते २०१६ या चार वर्षांत जेईई मेनच्या क्रमांकात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं आणि बोर्डांचे गुण पर्सेंटाइलवरून जुळवून घेत. सगळ्या बोर्डांचे निकाल हाती येईपर्यंत यादी अडायची. २०१७ पासून ते वजन काढून टाकलं.

६. माप कळलं की त्या मापापुरतं पिकवतात

इथपर्यंत आपण धरून चाललो की गुण मुलाचं ज्ञान मोजतात. पण सगळं भवितव्य एका आकड्यावर टांगलं की लोक तो आकडाच पिकवायला लागतात.

प्रवेश परीक्षा गेल्यावर तमिळनाडूत बारावीचे गुण हेच सर्वस्व झालं. नामक्कल, रासिपुरम या पट्ट्यात निवासी शाळांचं मोठं पीक आलं. तिथली रीत साऱ्या राज्याला ठाऊक होती. अकरावीचं पुस्तक वर्षभर बाजूला ठेवायचं आणि दोन वर्षं बारावीचाच अभ्यास घोटून घ्यायचा. मुलं दोनशेपैकी एकशे पंच्याण्णवच्या पुढे जायची, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात अकरावीतलं कलन समोर आलं की अडायची. सरकारने २०१७-१८ मध्ये अकरावीलाही बोर्डाची परीक्षा लावली होती ती यासाठीच. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, राज्यात पहिल्या आलेल्यांची नावं जाहीर करणंही बंद केलं. शाळांच्या जाहिरातींतला फोटोंचा बाजार त्याने आटोक्यात आला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

म्हणजे प्रवेश परीक्षा काढली म्हणून क्लास गेले नाहीत. ते शाळेच्या आत आले. पण उलट बाजूही तितकीच खरी, आणि तिचा पुरावा वैद्यकीय प्रवेशात सापडतो. २०१७ पासून तमिळनाडूत एमबीबीएसला नीट सक्तीची झाली, तोवर तिथेही बारावीचेच गुण चालत. निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने जुलै २०२१ मध्ये या बदलाचा हिशेब मांडला. नीटच्या आदल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षेला बसलेली मुलं साधारण आठात एक होती. २०२०-२१ मध्ये त्यांचं प्रमाण ७१ टक्क्यांवर गेलं होतं. याचा अर्थ सरळ आहे. बारावीनंतर एक वर्ष घरी बसून, क्लासची फी भरून पुन्हा परीक्षा द्यायची ऐपत ज्या घराची, त्या घराला जागा. तमिळ माध्यमातून आलेल्या मुलांचा वाटाही समितीच्या आकड्यांत एकदम खाली आला होता.

सरकारी शाळांतून एमबीबीएसला जाणारी मुलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मग २०२० मध्ये राज्याने कायदा करून वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी राखल्या. त्यांनीही नीट पास व्हायलाच हवं, फक्त त्यांची रांग वेगळी. पहिल्याच वर्षी अशा चारशेच्या आसपास मुलांना प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षी ही तरतूद इंजिनिअरिंगलाही लागू झाली. पर्सेंटाइलच्या सूत्राने जे साधलं नसतं ते या नियमाने साधलं, कारण ‘गर्दी सारखी नाही’ हे त्याने चोरून न मानता कायद्यात लिहिलं.

७. परीक्षाच झाली नाही तेव्हा

२०२१ मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली आणि प्रत्येक बोर्डाला गुण ‘बनवावे’ लागले. महाराष्ट्राने दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीतल्या अंतर्गत कामाचे ४० टक्के धरले. तमिळनाडूने दहावीचे ५०, अकरावीचे २० आणि बारावीचे ३०. एकच मुलगी मुंबईत आणि चेन्नईत वेगवेगळ्या गुणांनी उत्तीर्ण झाली असती. महाराष्ट्राचा बारावीचा निकाल त्या वर्षी ९९.६३ टक्के लागला.

सीबीएसईने आणखी एक अट घातली. शाळेने दिलेले गुण त्या शाळेच्या आधीच्या तीन वर्षांतल्या सर्वांत चांगल्या निकालाच्या चौकटीत बसायला हवेत. शाळांनी खिरापत वाटू नये हा हेतू. पण त्यामुळे ज्या शाळेचा इतिहास साधारण, तिथल्या हुशार मुलाचे पाय आधीच्या बॅचनी बांधले. इंग्लंडमध्ये आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, याच कल्पनेचं कडक रूप पाहायला मिळालं होतं. शिक्षकांनी दिलेल्या ए-लेव्हलच्या ग्रेड संगणकाने शाळेच्या जुन्या निकालांशी जुळवल्या आणि सुमारे ४० टक्के ग्रेड खाली आणल्या. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला ते सूत्र मागे घ्यावं लागलं.

८. अर्ध्या गुणाचं वजन

आता पुन्हा चेन्नईच्या दोनशे गुणांकडे येऊ आणि एक छोटा हिशेब करू. राज्य बोर्डाचे गुण पूर्णांकात असतात. गणित जसंच्या तसं, बाकी दोघांचे निम्मे. म्हणजे कट-ऑफ अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनीच चढतो. १८० पासून २०० पर्यंत पायऱ्या किती? १८०, १८०.५, १८१ असं मोजत गेलात तर फक्त ४१. अर्ज करणारे लाखाच्या कितीतरी वर. साहजिकच एकेका पायरीवर मुलांची दाटी होते. पूर्वी प्रत्येक विषय दोनशे गुणांचा आणि बारावी बाराशेची होती, तेव्हा पाव गुणाच्या पायऱ्या पडत आणि याच पट्ट्यात ८१ पायऱ्या असत. २०१९ पासून बारावी सहाशेची झाली, मुलांवरचा भार हलका झाला, पण शिडी निम्मी झाली.

एकाच पायरीवरच्या मुलांना पुढे-मागे कसं लावायचं? आधी गणिताचे गुण पाहतात, मग भौतिकशास्त्राचे, मग चौथ्या, ऐच्छिक विषयाचे. तरीही बरोबरी राहिली तर वयाने मोठ्याला पुढे घेतात. आणि तरीही राहिली तर शेवटचा उपाय: प्रत्येक अर्जदाराला यादीआधीच संगणकाने दिलेला दहा आकडी यादृच्छिक क्रमांक, म्हणजे सोडतीतली चिठ्ठी. ज्याचा आकडा मोठा तो पुढे. नियमांत अधूनमधून फेरफार झाले, पण ढाचा हाच.

पुष्कळ पालकांना ही सोडत अन्यायाची वाटते. दोन वर्षं राबून शेवटी चिठ्ठीवर? मला मात्र या सगळ्या यंत्रणेत हाच नियम सर्वांत प्रामाणिक वाटतो. १८९ आणि १८९.५ यांतला फरक एका तपासनिसाच्या अर्ध्या मिनिटाचा असू शकतो. तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन करता येतं, आणि त्यात गुण बदलतात. तेव्हा माप अर्ध्या गुणाइतकं बारीक नाही हे बोर्डांनाही मान्य आहे. जिथे माप संपतं तिथे सोडत सुरू व्हावी. वयावरून पुढे-मागे करणं किंवा पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत ताणून बरोबरी मोडणं, यात दोन मुलांबद्दल नवी माहिती काहीच मिळत नाही. फक्त सोडतीचा आरोप टळतो.

तमिळनाडूच्या पद्धतीबद्दल माझं मत विचाराल तर, शाळेच्या गुणांवर विश्वास ठेवण्याचा २००७ चा निर्णय योग्य होता. साडेसात टक्क्यांचा नियम योग्य आहे. पहिल्या आलेल्या मुलावरून बोर्डाचं माप काढणारं कलम मात्र बदलायला हवं. त्यासाठी प्रत्येक बोर्डाने दर वर्षी, दर विषयात, कुठल्या गुणावर किती मुलं आहेत याचा पूर्ण तक्ता प्रसिद्ध करावा. तो तक्ता बोर्डाच्या संगणकात निकालाच्या दिवशीच तयार असतो.

आणि ज्यांच्या घरात यंदा किंवा पुढच्या वर्षी बारावी आहे त्यांना एक सांगणं. मागच्या वर्षी अमुक कॉलेज किती गुणांवर बंद झालं, त्याच्याशी आपल्या मुलाचे यंदाचे गुण ताडून पाहू नका. पेपर बदलतो, गर्दी बदलते आणि गुणांचं माप दर वर्षी सरकतं. शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला ते पाहा. जागा तेवढ्याच असतील तर क्रमांक फारसा सरकत नाही. चेन्नईच्या यादीत आणि आपल्या कॅप राउंडच्या यादीतही दोन्ही आकडे दिलेले असतात. ऑप्शन फॉर्म भरायला बसाल तेव्हा क्रमांकाचा रकाना आधी वाचा.